उवा आणि वामनराव

शेजारच्या खोलीतल्या वामनरावांनी माझे पाय दोन वर्षं जांभळे ठेवले.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंच झालं होतं. मी उंद्रीच्या शाळेत मास्तर. वामनराव मत्स्य खात्यात, मूळचे जळगाव जामोदकडचे, एकटेच. गावाबाहेरच्या सरकारी तळ्यात ते माशांची पिल्लं वाढवत. मी रोज संध्याकाळी तिकडे फिरायला जाई. तळ्याच्या वाटेवर घमेलं, त्यात विहिरीत टाकतात ते लाल औषध कालवलेलं जांभळं पाणी. पाय बुडवल्याशिवाय पुढे सोडत नसत. तहसीलदार आले तरी तेच. "गुरुजी, पाय!" हाच त्यांचा रामराम.

एकदा वैतागून म्हणालो, "अहो, मी रोज आंघोळ करतो!"

"तुमच्यासाठी नाही जी. मासोयीले उवा होतेत. दुसऱ्या तळ्यातून चिखलासंगं येतेत, जाळ्यासंगं येतेत."

"माशाला उवा? केस कुठे आहेत त्याला?"

"हासा! तिले खाजवाले हात तरी हायेत काय?"

दिवाळीला चिखलीहून माझा मेहुणा हौसेनं जाळं घेऊन आला. वामनरावांनी ते ओढून घेतलं आणि उकळायला घातलं. आमच्याच चुलीवर, आमच्याच पातेल्यात! मेहुणा रुसून सकाळच्या एस.टी.नं गेला. बायकोनं माझ्याशी अबोला धरला. आणि हे मला विचारतात, "पाहुने काऊन गेले?"

उन्हाळ्यात त्यांच्या गावाकडच्या तळ्यात उवांनी मासे मरू लागले, म्हणून त्यांना बोलावणं आलं. परतले ते पडलेल्या चेहऱ्यानं.

"समदे गेले, गुरुजी."

त्यानंतर आपल्या तळ्याकडे फिरकेनात. कपडे उकळले, अंग लाल पाण्यानं धुतलं, तरी मन मानेना. "मी त्या पान्यात उतरलो होतो. माह्या अंगानं इथं काही आलं तं?" झालं! माशांना खायला ढेप, म्हणजे पेंड, टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

चडफडत गेलो. पाय बुडवले, काठावर बसून टाळी वाजवली. त्यांच्या टाळीला सगळं पाणी खळबळून उठायचं. माझ्या टाळीला एक मासा वर येईना. वामनराव लांब बाभळीखाली उभे होते. माझ्या पायांकडे संशयानंच बघणारा हा माणूस तोंडाशी हात धरून माशांना ओरडू लागला, "अबे, या ना बे! भिऊ नका! गुरुजी हायेत, घरचेच हायेत!"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी पुन्हा टाळी वाजवली, जरा जोरात.