अमोलिककाकांचं आमंत्रण

सिंगापुरात, आमच्या यिशुनच्या ब्लॉकमध्ये लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर लोक फार तर 'जेवलात का' विचारतात. अमोलिककाका विचारतात, "आत्म्याचं कसं काय?" मराठी न कळणाऱ्यांना इंग्रजीतून. चौथ्या मजल्यावरच्या चिनी आजोबांनी एकदा नीट विचार करून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत सांगितलं, "ओके लाह." काकांना हे उत्तर फार पसंत पडलं.

काका नाशिकचे, मराठी ख्रिस्ती, निवृत्त इतिहासशिक्षक. काकू गेल्यावर मुलाकडे, सुहासकडे, राहायला आले आणि आमचे शेजारी झाले. त्यांना वेड एकच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडच्या खेड्यांतून पायपीट करणाऱ्या मेथडिस्ट पंथाच्या एका पाद्र्याचं चरित्र ते लिहिताहेत. नुसतं लिहीत नाहीत, तसं जगतातही. हे पाद्री, काकांच्या भाषेत 'साहेब', पहाटे पाचला गार पाण्याने आंघोळ करायचे. इथल्या नळाला मेलं गार पाणी येतच नाही, म्हणून काका बादलीत बर्फ टाकतात. सून फ्रीज उघडते आणि कपाळाला हात लावते. साहेब मैलोन्‌मैल चालायचे, म्हणून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, सोडून काका मलाही भर उन्हात चालवतात. मी कुरकुरलो की म्हणतात, "साहेबांनी कधी तक्रार केली नाही." साहेबांना सिंगापूरची हवा सोसावी लागली नव्हती, हे मी घाम पुसत मनात म्हणतो.

गेल्या महिन्यात काकांनी अचानक बॅग काढली. "वर्ष झालं. नाशिकला निघतो."

सुहासचं तोंड उतरलं. मला म्हणाला, "बाबांना इथे करमत नाही. अडवू कसा?"

मी जरा तणतणतच काकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे नियम सांगितला. पाद्र्याची नेमणूक वर्षापुरती असायची. वर्ष संपलं की तिथल्या चर्चच्या मंडळीने आमंत्रण दिलं तर राहायचं, नाही तर सामान उचलायचं.

"साहेबांना आमंत्रण यायचं," काका शर्टाची घडी घालत म्हणाले. "मला कुणी राहा म्हणालं नाही रे."

मला गलबलून आलं. संध्याकाळी तांजोंग पगारच्या ऑफिसातून सुहास परतला, त्याला लिफ्टपाशीच गाठून सगळं सांगितलं.

"स्वतःच्या बापाला कोण आमंत्रण देतं? घर त्यांचंच आहे."

"मग ते त्यांना सांग की."

ऑफिसच्या कपड्यांतच तो बाबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, राहाल ना?"

काकांनी चष्मा काढून पुसला. पुष्कळ वेळ पुसला.

"विचार करून कळवतो," ते म्हणाले, आणि बॅगेतले शर्ट एकेक करून कपाटात ठेवायला लागले.