हाताची घडी

वर्तक काका कुणाला हाक मारत नाहीत. हाताची घडी घालतात. रविवारी इथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी हॉटेलात तोबा गर्दी असते. काका पुढे जाऊन रिकामं टेबल हेरतात आणि त्याच्याशेजारी घडी घालून, भलतीकडेच बघत उभे राहतात. आम्ही मराठी मंडळातले लोक दारात ताटकळत असतो. तेवढ्यात दुसरंच कुणी टेबल पटकावतं आणि वर काका आम्हालाच झापतात.

"घडी दिसली नाही? घडी म्हणजे टेबल हॉट आहे, या!"

ही खोड त्यांना अटलांटिक सिटीत लागली. ऐन उमेदीत काका, शालन काकू आणि ऑफिसातले दोन मित्र अशी चौघांची टीम तिथल्या कसिनोंमध्ये ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार खेळायची. काकू आधीच टेबलावर बसून पडलेली पानं मनातल्या मनात मोजायच्या. लहान पानं संपून मोठी उरली, की खेळणाऱ्याचं पारडं जड, म्हणजेच टेबल हॉट. मग त्या घडी घालायच्या आणि काका दारुड्या शेठजीच्या थाटात झुलत येऊन शेजारी बसायचे. ग्लासात नुसतं जिंजर एल, आल्याचं सरबत. टेबलावर इंग्रजीशिवाय बोलायला बंदी, म्हणून मोजणीचा आकडाही इंग्रजी गप्पांतून सांगायचा. 'एग्ज' म्हणजे डझन, म्हणजे बारा. जन्मात अंड्याला न शिवलेल्या काकू डीलरला हसत म्हणायच्या, "आय एट टू मेनी एग्ज टुडे," आणि काका मोठा डाव लावायचे.

पानं मोजणं गुन्हा नाही, पण कसिनोवाल्यांना कळलं की बाहेर काढतात. कुणी नजर ठेवतंय असं वाटलं की काकू मान चोळायच्या. मान चोळली की उठायचं आणि मागे वळून न बघता निघायचं.

"आत ओळख दाखवायची नाही," काका सांगतात. "तासन् तास बायकोशेजारी बसायचो, पण परक्यासारखा. चेहरा घरी ठेवून यायचा!" हे वाक्य ते कुणालाही ऐकवतात. माझ्या व्हिसा इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशीही त्यांनी हाच सल्ला दिला होता. मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांचं भाषण लांबलं, तेव्हा काकांनी शांतपणे मान चोळली आणि आमची अख्खी रांग उठून बटाटेवड्यांकडे गेली. अध्यक्ष अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

डोळ्यांमुळे काकांचं ड्रायव्हिंग सुटलं, तेव्हापासून दर शनिवारी त्यांना काकूंकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगतो, मला ते नको होतं. काकू दोन वर्षांपासून विसरणाऱ्या माणसांच्या एका होममध्ये आहेत. तिथला फिनेलचा वास दिवसभर कपड्यांतून जात नाही.

मी नेलं त्या पहिल्याच शनिवारी काकांनी त्यांचा हात धरला, "शालन, मी," म्हणाले. काकू किंचाळल्या. परका माणूस अंगचटीला येतोय म्हणून लहान मुलीसारख्या रडल्या. नर्सने काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "प्लीज, डोन्ट पुश हर."

तेव्हापासून काका पलीकडच्या टेबलाशी बसतात. जवळ जात नाहीत, बोलत नाहीत. हाताची घडी घालतात आणि तासभर भलतीकडे बघत राहतात. टेबल हॉट आहे, ये. काकू येत नाहीत. हॉटेलात ज्या घडीवर मी इतका वैतागायचो, ती इथे मला बघवत नाही.

"ती अजून टेबलावर आहे रे," एकदा परतताना काका म्हणाले. "रूल पाळतेय. पण एकदा तरी सिग्नल द्यावा ना तिने."

गेल्या शनिवारी काकूंनी मान वर केली. काकांकडे सरळ बघितलं. आणि डावा हात मागे नेऊन सावकाश मान चोळली.

काका ताडकन उठले. टोपी, काकूंसाठी आणलेला डबा, सगळं तिथेच टाकून, मागे न बघता तरातरा पार्किंग लॉटमध्ये गेले. मी धावत मागे गेलो, तर ते गाडीला टेकून उभे होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"पाहिलंस? मला सावध केलं तिने! परक्या माणसाला कोण कशाला सावध करेल?"

टोपी आणायला मी परत आत गेलो. नर्स काकूंची खुर्ची सरकवत होती. वरच्या एसीचा गार झोत थेट त्यांच्या मानेवर येत होता. काकूंचा हात अजून मानेवरच होता आणि नजर काकांच्या रिकाम्या खुर्चीवर. तिथे कुणीही नव्हतं, तरी त्या तशाच बघत होत्या.

मी गाडीत येऊन बसलो. काकांनी टोपी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "ओळखलं ना रे तिने?"

चेहरा घरी ठेवून मी म्हणालो, "ओळखलं, काका."