सिद्धाप्पा रस्ता तपासतात

आमचे शेजारी सिद्धाप्पा सकाळी भरलेला तांब्या घेऊन बाहेर पडले, की मंद्रूपला नवीन आलेला माणूस सभ्यपणे मान दुसरीकडे वळवतो. त्याचा गैरसमज होतो. सिद्धाप्पा रस्त्याच्या मधोमध थांबतात, तांब्या ओततात आणि पाणी कुठे जातं ते उकिडवे बसून बघतात. गटारीकडे गेलं तर रस्ता पास. मध्येच तुंबलं तर ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार, निम्मा मराठीत, निम्मा कन्नडमध्ये.

जन्मभर रस्त्याच्या कामावर मुकादम होते. निवृत्त झाले, पण ते फक्त पगारापुरते. "पानी खोटं बोलत न्हाय, गुरुजी," हे त्यांचं लाडकं वाक्य. शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांपेक्षा माझ्या वर्गातल्या पोरांना हेच जास्त पाठ आहे.

माझ्या लेकीसाठी स्थळ बघायला आम्ही दोघं अक्कलकोटला गेलो, तर तिथेही यांनी दारातल्या रस्त्यावर तांब्या ओतला. मुलाच्या आईला वाटलं, ही आमच्याकडची रीत असणार. बिचारीने आतून हळदकुंकू आणून त्या ओल्या डागाची पूजा केली. सिद्धाप्पा हळूच मला म्हणाले, "मानसं लई चांगली हायत. रस्ता कच्चा हाय." लग्न जमलं.

यंदा आमच्याच गल्लीचा रस्ता निघाला. सिद्धाप्पांनी पहिल्या दिवसापासून तिथे ठाण मांडलं. खडीचा थर किती, मुरूम नीट दाबला का, कडेला गटार आहे का. तरुण इंजिनिअर पार वैतागला. काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी तर सिद्धाप्पा रोलरपुढे चक्क आडवे झाले.

"निल्लरी! थांबा! उतार न्हाय ह्याला. कमीत कमी तेवढा तरी द्या की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उठा हो, थोडं पाणी साचलं तर काय बिघडतंय?" मी म्हणालो.

ते उठून बसले. आवाज एकदम खाली आला. "गुरुजी, जुना रस्ता मीच केलता. गावची यात्रा तोंडावर, सायबाची घाई. उतार न बघताच सोडला. आपल्याच दारात डबकं झालं, अन् त्याच्यातच ही घसरून पडली."

ही म्हणजे त्यांची बायको, गौराक्का. पाय मोडल्यापासून चार वर्षं त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. हे मला माहीत होतं. कुठे पडल्या, ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्याची मला आता फार लाज वाटली.

इंजिनिअरने उतार मोजायची दोरी मागवली आणि तिचं एक टोक सिद्धाप्पांच्या हातात दिलं. गल्ली पुन्हा उकरायला दोन दिवस लागले.

रस्ता खुला झाला तो बाजाराचा दिवस होता. गौराक्का काठी टेकत दारात आल्या आणि घाबरून तिथेच थांबल्या. सिद्धाप्पांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"सोडा की, लोकं बघत्यात," गौराक्का लाजून म्हणाल्या.

"बघू देत. चार वर्सं एकट्यानं बाजार केलाय मी. कंटाळा आलाय मला."

गौराक्कांनी काठी दाराशी ठेवली आणि दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला.