तात्यांची तहान

दगडूतात्यांना तहान फक्त सरकारी वेळेत लागे. रविवारी ते घोटभर पाण्यावर दिवस काढीत. सोमवारी सकाळपासून मात्र गावातल्या प्रत्येक दारात थांबून पाणी मागत. दुपारी सायकलवरून उतरताना त्यांच्या पोटातून आवाज येई.

"तात्या, तुमच्या घरचा आड आटला व्हय?" बायका विचारीत.

"तुमच्या पान्याला गोडी हाय, वैनी," असे म्हणून तात्या परसदाराकडे नजर टाकीत.

ते इंदापूरच्या दवाखान्याचे फिरतीवरचे नोकर. मी तेथे हेडक्लार्क होतो. पन्नास सालानंतरचे दिवस. महारोगावर गोळ्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. जितके रोगी आम्ही कळवू तितक्यांपुरत्याच गोळ्या मिळत. रोगी मात्र माळ्यावर, गोठ्यात, उसाकडेच्या खोपीत लपलेले, आणि घरचे लोक शपथेवर नाकारणारे.

तात्यांचे सूत्र एकच होते : "मानूस लपतो, ताट लपत न्हाय." रोग्याचे ताट घरच्या भांड्यांत मिसळत नसे; परसात ते एकटे उपडे पडलेले असे. बाजूला बसलेल्या बाईचेही ताट वेगळे असते, पण ते पाचव्या दिवशी आत जाते. म्हणून आठ दिवसांनी तात्यांना त्याच दारात पुन्हा तहान लागे.

मला ही पद्धत मान्य नव्हती. "नावे आणा," मी बजावी.

"नाव लिवलं की मानूस पळतो, भाऊसायेब. तुमी आकडा लिवा. गोळ्यांची पुडी मी ताटाखाली ठिवतो. दुसऱ्या खेपेला पुडी जाग्यावर नसती."

जिल्ह्याहून फेरमोजणीचा हुकूम आला. ती मी करावयाची होती. निरवांगी हे तात्यांचे स्वतःचे गाव. तेथे त्यांनी पाच रोगी कळवले होते. मी आठ दिवसांच्या अंतराने दोनदा गेलो, घरोघर पाणी प्यायलो आणि वेगळी ताटे मोजली. सात भरली. जादा दोन्ही ताटे एकाच परसात होती. ते परस तात्यांचे होते.

"ही कोणाची?" मी जाब विचारला.

तात्यांनी टोपी काढली. "एक आक्काचं. माझी थोरली भन."

"तिला गोळ्या?"

"न्हाय."

"मोजली का नाही?"

"घरासाठी आकडा वाढीवला म्हनतील. मंग बाकीच्या पाचांचंबी खोटं ठरंल."

"आणि दुसरे ताट?"

तात्या अंगठ्याने माती उकरीत राहिले. "माझं. ती एकटी जेवत न्हाय."

मागच्या खोपीच्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मी मागणीपत्रक काढले. पाचचा आकडा खोडून सहा लिहिले व खाली सही केली. पोट तुडुंब भरले होते. तरी पाणी मागितले. आक्कांनी दाराआडूनच भांडे पुढे सरकवले. मी ते रिकामे केले, विसळले आणि त्या दोन ताटांशेजारी उपडे ठेवले.

तात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"भाऊसायेब, आता बगनारा हितं तीन मोजंल."

"मोजू द्या," मी म्हणालो.