टीव्हीतल्या पोरीचं सुतक

आमच्या शेजारच्या हौसाकाकींनी एकदा टीव्हीतल्या मुलीचं दहा दिवस सुतक पाळलं. रोजच्या मालिकेतली एक लहान पोर तापानं गेली आणि काकींनी देवपूजा बंद केली. हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेल्या बाईला दारातूनच सांगितलं, "आमच्यात मयत हाय." बाई घाबरून आत डोकवायला लागली, तेव्हा काकींचे यजमान पेपरमागून म्हणाले, "टीव्हीत हो, टीव्हीत."

दोन हजार सालानंतरची, कसबा बावड्यातली ही गोष्ट. काकींकडे दोन म्हशी आणि एक टीव्ही. तिन्हींची वेळ चुकवायची नाही, हा त्यांचा नेम. संध्याकाळी धार काढून, हात धुऊन, पदर सावरून त्या टीव्हीपुढं बसत आणि मालिकेतल्या सासूला सल्ले देत. "अगं भवाने, किल्ल्या तिच्याकडं देऊ नगंस!" मध्ये कुणी बोललं की, "गप बस की, माणसं बोलालीत!"

काकांच्या लेखी हा बायकांचा रिकामटेकडेपणा. स्वतः ते केबलवरची परदेशी कुस्ती बघत. एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालणारे, दोस्ताला दगा देणारे, मग ढसाढसा रडणारे पैलवान. काकी म्हणत, "ह्यात न् माझ्या शिरेलीत फरक काय? माझी माणसं कापडं घालून भांडत्यात, एवढंच."

सुतकाच्या चौथ्या दिवशी मी दुधाला गेलो आणि चेष्टा केली, "काकी, ती पोर तुमची कोण लागत होती?"

काकींनी माप खाली ठेवलं. "फायनल हरली तवा तू दोन दिस जेवला न्हवतास. ते अकरा गडी तुझं कोण लागत्यात?"

"तो देशाचा प्रश्न होता."

"मग ह्यो घरचा हाय."

काका मोठ्यानं हसले. असं उत्तर दिलं की एरवी काकीही हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. दूध ओतता ओतता म्हणाल्या, "माझी थोरली तापानंच गेली. चार वर्साची हुती. सकाळी गेली आन् सांजच्याला सासूनं बादली हातात दिली. म्हणली, पोरगीच हुती न्हवं? ऊठ, म्हस हंबरालीया. तिचं सुतक कुणी धरलंच न्हाई."

मला त्यांच्या थोरलीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. काकांचं हसू कधीच थांबलं होतं.

त्या दिवसापासून दहावा होईपर्यंत काकांनी दाढी केली नाही. विचारलं तर म्हणायचे, "ब्लेड संपलंय."