नारळ खाली टेकवायचा नाही!

“मले कोणाचीच गरज नाई!” असं महादेवरावांनी शेजारच्या सुलोचनाबाईंना पहाटेच ठणकावलं आणि हातात नारळ घेऊन ते पिपरी मेघेहून केळझरच्या गणपतीला पायी निघाले. त्या बिचाऱ्या एवढंच विचारत होत्या, “आमच्या भूपेंद्रले धाडू का संगं?”

दरवर्षी नवस बायकोचा, म्हणजे सुरभीच्या आईचा असायचा, महादेवराव नुसते सोबतीला. दिवाळीनंतर ती देवाघरी गेली. सुरभी पुण्याहून फोनवर म्हणाली, “बाबा, गाडीनं जा ना!” पण ते तिच्या आईला चाललं नसतं. घरची रीत कडक. नारळ पायीच न्यायचा, तोही हातात, आणि देवापुढे पोचेस्तोवर जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की नवस गेला बोंबलत!

पवनारच्या पुढे बुटाची नाडी सुटली. नाडी बांधायला दोन हात लागतात, हे महादेवरावांना तेव्हा कळलं! नारळ बगलेत दाबून वाकले, तो सटकला, कसाबसा मांड्यांत पकडला. भर हायवेवर बदकासारखे उभे! शेवटी शेंगदाणेवाल्याला म्हणावं लागलं, “भाऊ, जरा धरता का?”

मग पाणी प्यायचं, चष्मा पुसायचा, केळं सोलायचं. दर वेळी, “जरा धरता का?” सुरभीची आई वाटभर हेच म्हणायची. “धरा जरा!” आणि महादेवराव खेकसायचे, “मी काय तुह्या नारळाचा हमाल हाय?” आज ती नव्हती, तर त्यांना रस्ता खायला उठला.

सेलूजवळ तर इलाजच उरला नाही. केळझरलाच पायी निघालेल्या, लिंबाखाली बसलेल्या एका बाईच्या हातात नारळ देऊन, “खाली नोका ठेवू हो, पायीच न्याचा नवस हाय!” असं बजावून ते घाईघाईनं बाभळीमागे गेले. परत आले, तर बाई गायब!

“रामबाई? थे गेली ना!” चहावाला म्हणाला. “तिच्या संगचे लोक निघाले. खाली नोका ठेवू म्हणून तुमीच सांगतलं, मंग काय करन थे?”

महादेवराव पळत सुटले! वाटेत रामबाईची माणसं भेटली. तिच्या पायाला फोड आला म्हणून ती ऑटोत बसली होती, पण नारळ पायीच जायला पाहिजे म्हणून तिनं तो त्यांच्यातल्याच मंगरूला दिला होता. आणि मंगरू झपाट्यानं पुढे गेला होता! नारळ गेला म्हणजे सुरभीच्या आईचा शेवटचा नवस गेला. महादेवरावांना भर रस्त्यात रडू फुटलं.

देवळाच्या पायरीवर मंगरू नारळ छातीशी धरून बसला होता. “कुठी गेलते, बाबाजी? हात आखडले माहे! खालीबी ठेवता येत नाई!”

देवापुढे नारळ फुटला. महादेवरावांनी मंगरूला निम्मं खोबरं दिलं आणि बसनं घरी आले. एका हातात उरलेली वाटी, दुसऱ्यात मोदकाचा द्रोण, किल्ली पॅन्टच्या खिशात.

“अवो, धर जरा!” त्यांनी दाराला हाक मारली.

दाराला कुलूप होतं.

मग खाकरून शेजारच्या दाराकडे वळले. “सुलोचनाबाई, जरा धरता का?”

“काऊन? सकाळी तर कोणाची गरज नोहती!”

“मले नाई हो,” महादेवराव पुटपुटले, “प्रसादाले!”