एका चाकाच्या मागे रोहण्यापर्यंत

रस्त्यावरून काहीही चाललं की रामेश्वरभाऊ त्याच्या मागे जातात. वरात असो, प्रचाराची गाडी असो, नाहीतर बोअरवेलचा ट्रक. वर्ध्यात माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला लागूनच त्यांचं कापडाचं दुकान. ‘जरा दुकानाकडे पाहजो, आलोच’ म्हणून ते स्कूटरला किक मारतात. एकदा एका क्रेनच्या मागे निघाले ते थेट पार हायवेवरच्या जामच्या चौरस्त्यावर पोहोचले. अर्ध्यातून परत का आला नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, “मधातून काऊन वापस यावं? शेवटलोक पाहू ना.”

मागच्या हिवाळ्यात एकचाकी सायकलींची शर्यत निघाली. एक चाक, त्यावर सीट, सीटवर माणूस. तिघांचा एक संघ, आणि तिघंही सोबत पोहोचले तरच संघ पोहोचला असं धरायचं. वर्ध्याहून आडरस्त्यानं रोहण्यापर्यंत जायचं होतं. भाऊंनी स्वतःचं दुकान बंद केलं, माझंही करायला लावलं आणि मला मागे बसवलं. मांडीवर पाण्याची कॅन दिली.

पुढचे संघ दिसेनासे झाले. आम्ही सर्वांत मागच्यांच्या मागे होतो, म्हणजे वर्ध्याच्याच कॉलेजातल्या तीन पोरींच्या. स्कूटर इतक्या हळू चालवायची की तोल जायचा. मग आम्ही दोघंही दोन्हीकडे पाय टेकवत चाललो. त्या एका चाकावर सरळ आणि आम्ही दोन चाकांवर वाकडे.

शेतांमधल्या पांदणीत बैलगाडीच्या चाकोरीत त्यांच्यातल्या पल्लवीचं चाक अडकलं आणि ती तोंडावर पडली. गुडघा सोलून निघाला. बाकी दोघी उतरून तिच्याजवळ उभ्या राहिल्या. तेवढ्यात आयोजकांची जीप आली. चालक म्हणाला, तिकडे पहिले संघ पोहोचले, आता गाडीत बसा.

पल्लवी जीपकडे पाहत राहिली. भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले.

“दुखते?”

“हो.”

“गाडीत बसाचं आहे?”

तिनं तळहातांची माती झटकली. मग म्हणाली, “नाई.”

भाऊंनी चालकाला शांतपणे सांगितलं, “मंग तुम्ही व्हा समोर.”

गुडघ्याला माझा रुमाल बांधला. पल्लवी मैत्रिणींच्या खांद्यांचा आधार घेऊन पुन्हा चाकावर चढली. दोन वेळा पडली, तिसऱ्यांदा सुटली. कापूस वेचणाऱ्या बाया शेताच्या धुऱ्यावर येऊन पाहू लागल्या आणि त्यातल्या दोघीचौघी कमरेला बांधलेली कापसाची ओटी सांभाळत थोडं अंतर आमच्यासोबत धावल्याही. भाऊंनी रोहण्यातल्या ओळखीच्या किराणावाल्याला फोन लावला आणि लोकांना घरी जाऊ देऊ नका, असं बजावलं.

रोहण्यात शिरलो तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर होतं. जिंकलेला संघही टाळ्या वाजवत उभा होता. फीत पहिल्यांनीच तोडलेली, म्हणून किराणावाल्यानं सुतळी ताणून धरली होती. ती तुटणारी नव्हती. ऐन वेळी त्यानं हातातलं टोक सोडलं आणि तिघी हातात हात घालून पार झाल्या. आमच्या वर्ध्याच्या पोरी शेवटच्या आल्या, पण एवढा गलका पहिल्यांसाठीही झाला नव्हता म्हणे. मी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मला ती येते हे मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी परतल्यावर भाऊंनी चहाला घरी नेलं. दुकानांचा इतक्या वर्षांचा शेजार, पण मी त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो. त्यांच्या पत्नी कांतावहिनी खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्या घराबाहेर पडल्या नाहीत, एवढं ऐकून होतो.

भाऊंनी चप्पल काढता काढताच सुरुवात केली. दोन्ही हात पसरून, एका पायावर लंगडत त्यांनी अख्ख्या खोलीत शर्यत धावून दाखवली. पल्लवीचं पडणंही करून दाखवलं. वहिनी मधूनमधून विचारत होत्या. बाया कोणत्या शेतातल्या होत्या, पोरीची आई आली होती का. चहा करून आणतानाही भाऊंपाशी सगळ्याची उत्तरं होती.

“अन् घंटी कुठं लावतेत हो त्याले?” वहिनींनी विचारलं.

भाऊ थांबले. माझ्याकडे पाहिलं. घंटी मीही पाहिली नव्हती.

“हे राह्यलंच,” ते म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा चपला घातल्या. “पोरी कॉलेजवर वापस आल्या असतीन आता. विचारून येतो.”

“चहा तं घ्या,” वहिनी म्हणाल्या, पण स्कूटर सुरू झाली होती.

“बसा भाऊजी,” त्या मला म्हणाल्या आणि उशी थोडी खिडकीकडे सरकवून घेतली. “हे येतेतच आता.”